एका मथळ्याचीं तेवीस वर्षें

वर्तमानपत्रें आपल्या संघावर अन्याय करितात, ही क्रीडारसिकांची तक्रार खेळाइतकीच जुनी आहे. प्रतिपक्षानें गोल केला तर त्याचें रसभरित वर्णन आणि आपण केला तर एका ओळींत उल्लेख; त्यांच्या खेळाडूनें धक्का दिला तर तो खेळांतील आवेश आणि आपल्यानें दिला तर दांडगाई, असें प्रत्येक गांवच्या रसिकास वाटत असतें. जाणतीं माणसें या तक्रारीकडे हंसून पाहतात, आणि बहुधा तें योग्यहि असतें; प्रेमाच्या हातीं तराजू दिला तर तो सरळ राहत नाहीं. तथापि एकादे वेळीं ही तक्रार अक्षरशः खरी असते, आणि हंसण्याची संवय जडलेल्या समाजास तिचा खरेपणा कळावयास एक पिढी जावी लागते. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरांत असें घडलें. तेथील फुटबॉल-रसिकांची लंडनच्या 'द सन' या दैनिकाविरुद्धची तक्रार १९८९ सालची. ती खरी होती हें अधिकृतपणें मान्य होण्यास २०१२ साल उजाडावें लागलें. आमच्या संघाची स्तुति छापा, असें त्या लोकांचें मागणें नव्हतें. जें घडलें तें छापा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

लिव्हरपूल हें मर्सी नदीच्या मुखावरील बंदर. एके काळीं जगाचा माल तेथील गोद्यांत उतरत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्यापाराच्या वाटा बदलल्या, गोद्या ओस पडल्या, आणि १९८० नंतरच्या दशकांत बेकारीनें शहर गांजून गेलें. १९८१ सालीं तेथील टॉक्स्टेथ भागांत मोठा दंगाहि झाला. अशा या शहराचा अभिमान फुटबॉलवर एकवटलेला होता. एव्हर्टन हा क्लब १८७८ सालचा. ॲनफील्ड येथील मैदानाच्या भाड्यावरून मैदानाच्या मालकाशीं त्याचें बिनसलें, तो दुसऱ्या मैदानावर निघून गेला, आणि मोकळ्या राहिलेल्या मैदानासाठीं १८९२ सालीं मालकानें नवा क्लब उभारला. तोच लिव्हरपूल क्लब. एकाच घरांत बाप एका क्लबाचा आणि मुलगा दुसऱ्याचा, हें या शहरांत नवल नव्हे.

या क्लबाच्या रसिकांवर एक खरा डागहि होता, आणि तो न सांगणें न्यायाचें होणार नाहीं. २९ मे १९८५ रोजीं ब्रसेल्स येथील हायझेल मैदानावर लिव्हरपूल व इटलींतील युव्हेंटस यांच्यामध्यें युरोपीय चषकाचा अंतिम सामना होता. सामन्यापूर्वीं लिव्हरपूलच्या कांहीं प्रेक्षकांनीं शेजारच्या भागांतील लोकांवर चाल केली, पळणारी गर्दी भिंतीशीं चेंगरली, भिंत कोसळली आणि ३९ माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक इटालियन होतीं. या घटनेनंतर इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून पांच वर्षें आणि लिव्हरपूलला सहा वर्षें बाहेर राहावें लागलें. तेव्हांपासून फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे दारुडा आणि गुंड, असें समीकरण इंग्लंडांतील सरकार, पोलीस व वृत्तपत्रें यांच्या मनांत पक्कें बसलें. जुन्या खऱ्या दोषाच्या भांडवलावर नवें खोटें किती सहज खपतें, हें पुढील चार वर्षांत दिसून आलें.

१५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड शहरांतील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यामध्यें इंग्लंडच्या एफ. ए. चषकाचा उपान्त्य सामना होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांस उभें राहण्यासाठीं लेपिंग्ज लेनकडील बाजू दिलेली होती. त्या बाजूचीं १०,१०० तिकिटें होतीं, आणि एवढ्या लोकांस आंत घेण्यास फिरतीं फाटकें अवघीं सात. आंतील उतरत्या पायऱ्यांवर उभ्या लोखंडी जाळ्या घालून कप्पे पाडलेले होते. मैदानावर कोणी धांवून जाऊं नये म्हणून समोरहि उंच जाळी होती. सामना तीन वाजतां सुरू व्हावयाचा होता. अडीचच्या सुमारास फाटकांबाहेर इतकी दाटी झाली कीं तेथेंच माणसें चेंगरतील असें दिसूं लागलें. बंदोबस्ताचे प्रमुख पोलीस अधिकारी डेव्हिड डकनफील्ड यांस त्या जागेचा अधिकार मिळून पुरते तीन आठवडेहि झाले नव्हते. त्यांनीं २ वाजून ५२ मिनिटांनीं बाहेर जाण्याचें एक मोठें दार उघडण्याचा हुकूम दिला. सुमारें दोन हजार लोक त्या दारानें आंत आले. समोरच एक बोगदा दिसत होता, आणि तो सरळ मधल्या दोन कप्प्यांत उतरत होता. ते कप्पे आधींच तुडुंब भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत मात्र जागा मोकळी होती. बोगदा बंद करून लोकांस बाजूला वळविण्याची व्यवस्था कोणी केली नाहीं. पुढची रांग जाळीवर दाबली गेली. ३ वाजून ६ मिनिटांनीं सामना थांबला.

त्या दिवशीं ९४ माणसें मेलीं. एका मुलानें थोड्याच दिवसांत रुग्णालयांत प्राण सोडला. एक तरुण जवळजवळ चार वर्षें शुद्धीवर न येतां पडून होता, तो १९९३ सालीं गेला. आणि त्या दिवशींच्या दुखापतीनें आयुष्यभर परावलंबी झालेला ९७ वा बळी २०२१ सालीं गेला. मृतांत सर्वांत लहान मुलगा १० वर्षांचा होता. सर्वांत वृद्ध गृहस्थ ६७ वर्षांचे. दूरचित्रवाणीचे कॅमेरे मैदानावर हजर होते, आणि त्यांनीं एक दृश्य टिपून ठेविलें. प्रेक्षकांनीं जाहिरातींचे फलक उखडून त्यांच्या डोल्या केल्या होत्या आणि त्यांवर जखमींस घालून ते मैदानभर धांवत होते.

खोट्याचा आरंभ मात्र मैदान रिकामें होण्यापूर्वींच झाला. दार प्रेक्षकांनीं जबरदस्तीनें फोडलें, असें डकनफील्ड यांनीं फुटबॉल मंडळाच्या अधिकाऱ्यांस सांगितलें. ही वार्ता तासाभरांत नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरून जगभर गेली. दार आपणच उघडविलें होतें आणि आपण खोटें बोललों, ही गोष्ट डकनफील्ड यांनीं शपथेवर उघडपणें मान्य केली ती २०१५ सालीं.

चार दिवसांनीं, १९ एप्रिल रोजीं, 'द सन'च्या पहिल्या पानावर 'द ट्रुथ', म्हणजे 'सत्य', असा प्रचंड अक्षरांचा मथळा आला. खालीं तीन आरोप होते: कांहीं प्रेक्षकांनीं मेलेल्यांचे खिसे कापले, कांहींनीं पोलिसांच्या अंगावर लघुशंका केली, आणि तोंडानें श्वास देऊन एकास वांचविणाऱ्या पोलिसास कांहींनीं मारहाण केली. त्या वेळीं या दैनिकाचा रोजचा खप सुमारें ४० लाख होता. शहरांत अनेकांच्या घरीं अद्याप अंत्यविधि व्हावयाचे होते.

ही बातमी कशी तयार झाली, हें आतां पूर्णपणें ठाऊक आहे. शेफील्डमधील एका वृत्तसंस्थेच्या माणसांनीं कांहीं पोलिसांशीं तीन दिवस बोलून ती जुळविली. पोलिसांच्या संघटनेच्या चिटणिसानें आणि अर्विन पॅटनिक या स्थानिक पार्लमेंट-सभासदांनीं तिला दुजोरा दिला. त्यांतील कोणीहि आरोप केलेले प्रकार स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले नव्हते. वृत्तसंस्थेनें हा मजकूर अनेक दैनिकांस पुरविला आणि इतरांनींहि तो छापला; पण पुष्कळांनीं 'असा आरोप आहे' हे शब्द जागेवर ठेविले. 'द सन'साठीं ही बातमी लिहिणाऱ्या वार्ताहरानें पुढें सांगितलें कीं, आपण ती आरोप म्हणूनच लिहिली होती आणि मथळा पाहून आपणांस धक्का बसला. मथळा संपादक केल्व्हिन मॅकेन्झी यांनीं ठरविला. पक्षपात कोठें शिरतो, हें येथें स्पष्ट दिसतें. बातमींतील एकहि वाक्य न बदलतां केवळ वरच्या दोन शब्दांनीं ऐकीव गोष्टीचें शाबीत गोष्टींत रूपांतर झालें.

लिव्हरपूलच्या लोकांपुढें आतां उपाय कोणता होता? न्यायालयाची वाट जवळजवळ बंद होती. मेलेल्या माणसाची अब्रुनुकसानी इंग्लिश कायदा मानीत नाहीं, आणि 'कांहीं प्रेक्षक' एवढ्यानें कोणा एकाची ओळख पटत नसल्यामुळें जिवंत माणसासहि फिर्याद करणें अशक्यप्राय. वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलनें त्या मथळ्याचा निषेध केला. पण निषेधापलीकडे तिच्या हातीं दंडाचें साधन नव्हतें. तेव्हां लोकांनीं आपल्या हातांत होतें तें साधन उचललें. त्यांनीं तें दैनिक विकत घेणें सोडून दिलें. कांहीं ठिकाणीं अंकांची होळी झाली, कांहीं दुकानदारांनीं तें ठेवावयाचेंच नाकारलें, आणि मर्सीच्या दोन्ही तीरांवर त्याचा खप कोसळला. 'बॉयकॉट' हा शब्द इंग्रजी भाषेस १८८० सालीं आयर्लंडांतील शेतकऱ्यांनीं, त्या नांवाच्या जमीन-व्यवस्थापकावर बहिष्कार घालून, मिळवून दिलेला आहे. आणि लिव्हरपूलच्या कितीतरी घराण्यांचें मूळ आयर्लंडांतच आहे. हें शस्त्र त्यांस नवें नव्हतें.

या बहिष्कारांत एव्हर्टनचे रसिकहि सामील झाले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दुर्घटनेनंतर एका आठवड्यानें दोन्ही क्लबांच्या रसिकांनीं लाल व निळे गळपट्टे एकमेकांस बांधून एका मैदानापासून दुसऱ्या मैदानापर्यंत, स्टॅन्ली पार्क ओलांडून, सांखळी केली होती. केवळ क्लबाभिमानाचा प्रश्न असता तर प्रतिस्पर्ध्यांनीं आपला रोजचा पेपर कशास टाकला असता?

खप घसरूं लागल्यावर मॅकेन्झी यांनीं लिव्हरपूल संघाचे व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश यांस दूरध्वनि करून, हें निस्तरावें कसें, असें विचारलें. डॅल्ग्लिश यांनीं पुढें सांगितलेली हकीकत अशी कीं, 'सत्य' हा मथळा ज्या आकाराच्या अक्षरांत छापला त्याच आकारांत आपण खोटें छापल्याची कबुली द्या, असें त्यांनीं उत्तर दिलें. आणि तें आपणांस शक्य नाहीं, असें संपादकांनीं म्हटलें. तक्रारीचें सारें मर्म या लहानशा संभाषणांत आहे.

वस्तुस्थिति कळली नव्हती, असें म्हणावयासहि फार काळ जागा राहिली नाहीं. न्यायमूर्ति टेलर यांचा पहिला अहवाल १९८९ च्या ऑगस्टांतच प्रसिद्ध झाला. पोलिसांकडून गर्दीचें नियंत्रण सुटलें हेंच दुर्घटनेचें मुख्य कारण, असा त्यांचा निर्णय होता. आणि वर्तमानपत्रांतील त्या किळसवाण्या आरोपांस पुष्टि देणारा एकहि साक्षीदार चौकशीपुढें आला नाहीं, असें त्यांनीं स्वच्छ नमूद केलें. इंग्लंडांतील मोठ्या मैदानांवर आज सर्वांस बसावयास जागा असते, ती त्यांच्याच १९९० सालच्या अंतिम अहवालाचें फळ होय. अहवाल खरा, पण वाचणारे थोडे. मथळा खोटा, पण पाहणारे लाखों. १९९१ सालीं कॉरोनरच्या चौकशींत 'अपघाती मृत्यु' असा निकाल लागला आणि जुना समज पुन्हां बळावला. १९९७ सालीं सरकारनें नव्या पुराव्याची छाननी एका ज्येष्ठ न्यायाधीशांकडे सोपविली. आप्तांच्या भेटीस आले असतां, तुमचीं माणसें लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसारखीं ऐन वेळीं येणार आहेत कीं काय, असा प्रश्न त्यांनीं एका शोकाकुल पित्यास केला. त्यांनीं पुढें दिलगिरी दर्शविली, परंतु नव्या चौकशीची गरज नाहीं असाच निष्कर्ष दिला. २००४ च्या ऑक्टोबरांत 'द स्पेक्टेटर' या सुशिक्षितांच्या साप्ताहिकानें अग्रलेखांत दारुड्या प्रेक्षकांचा आरोप पुन्हां उगाळला. मृतांचा आंकडाहि त्यांत 'पन्नासांहून अधिक' असा चुकीचा होता. त्याचे संपादक बोरिस जॉन्सन पार्लमेंटचे सभासद होते. पक्षनेत्यांच्या आज्ञेवरून त्यांस लिव्हरपूलला जाऊन क्षमा मागावी लागली. हलक्या म्हणून हिणविलेल्या दैनिकाचें असत्य पंधरा वर्षांत विद्वानांच्या मेजावर येऊन बसलें होतें.

'द सन'नेंहि त्याच वर्षाच्या जुलैमध्यें पान भरून माफी छापली आणि हा आपल्या इतिहासांतील सर्वांत भयंकर प्रमाद असल्याचें कबूल केलें. शहरानें ती स्वीकारली नाहीं. हा हट्ट झाला, असें तेव्हां पुष्कळांस वाटलें. पण ती माफी आली केव्हां? लिव्हरपूलमध्यें वाढलेल्या वेन रूनी या तरुण खेळाडूनें आपली हकीकत त्या दैनिकास विकली म्हणून शहर खवळलें होतें, त्या वेळीं. आणि दोन वर्षांनीं मॅकेन्झी यांनीं एका मेजवानींत आपणांस खेद वाटत नसल्याचे उद्गार काढल्याचें प्रसिद्ध झालें. माफी मागणाऱ्याच्या मनांत काय आहे, हें ओळखण्यांत शहराची चूक झाली नव्हती.

मृतांच्या आप्तांनीं मात्र केवळ संतापावर विसंबून न राहतां कागदांचा पिच्छा पुरविला. ॲन विल्यम्स या मातेनें आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची वेळ कॉरोनरनें चुकीची धरली आहे, हें सिद्ध करण्यांत वीस वर्षांहून अधिक काळ वेंचला. २००९ सालीं विसाव्या स्मृतिदिनीं ॲनफील्डवर मंत्री अँडी बर्नहॅम भाषणास उभे राहिले असतां हजारों लोकांनीं 'न्याय द्या' असा घोष करून त्यांस थांबविलें. त्यांतून लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र मंडळ नेमलें गेलें. साडेचार लाख पृष्ठें तपासून या मंडळानें १२ सप्टेंबर २०१२ रोजीं अहवाल दिला. पोलिसांच्या १६४ जबान्यांत महत्त्वाचे फेरफार केलेले आढळले. त्यांपैकीं ११६ जबान्यांतून पोलिसांस प्रतिकूल असा मजकूर काढला वा बदलला होता. मुलांसकट सर्व मृतांच्या रक्तांत मद्य शोधलें गेलें होतें. वेळेवर योग्य उपचार मिळते तर ४१ जण कदाचित् वांचले असते. त्याच दिवशीं पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीं 'द सन'च्या पहिल्या पानावर 'खरें सत्य' अशा अर्थाचा मथळा झळकला. डॅल्ग्लिश यांनीं १९८९ सालीं मागितलेली जागा तेवीस वर्षांनीं मिळाली होती.

पुढें जुने निकाल रद्द झाले, नवी चौकशी दोन वर्षांहून अधिक काळ चालली, आणि २६ एप्रिल २०१६ रोजीं ज्यूरीनें त्या वेळच्या ९६ मृतांचा बेकायदेशीरपणें बळी गेला व प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यांत कांहींहि दोष नव्हता, असा निर्णय दिला. दुसऱ्या दिवशीं इंग्लंडांतील बहुतेक दैनिकांच्या पहिल्या पानावर हा निकाल होता. 'द सन'नें तो आंतल्या पानांत छापला. २०१७ सालीं लिव्हरपूल क्लबानें, आणि थोड्याच दिवसांत एव्हर्टननेंहि, त्या दैनिकाच्या वार्ताहरांस आपल्या मैदानांचीं दारें बंद केलीं. शिक्षेच्या बाबतींत मात्र आप्तांच्या पदरीं फारसें कांहीं पडलें नाहीं. डकनफील्ड २०१९ सालीं सदोष मनुष्यवधाच्या आरोपांतून निर्दोष सुटले. मैदानाच्या सुरक्षिततेची हयगय केल्याबद्दल क्लबाच्या एका माजी चिटणिसास तेवढा दंड झाला. सरकारी अधिकाऱ्यांनीं चौकशींत खरें सांगितलेंच पाहिजे, असें बंधन घालणारें विधेयक पार्लमेंटांत मांडलें गेलें तें २०२५ सालीं.

असा बहिष्कार पिढ्यान् पिढ्या चालविणें योग्य काय, असा आक्षेप घेतला जातो. १९८९ सालीं ज्यांचा जन्महि झाला नव्हता अशा वार्ताहरांनीं त्याचें फळ कां भोगावें? या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु तें दैनिक सरकारनें बंद करावें वा संपादकास तुरुंगांत टाकावें, अशी कांहीं या चळवळीची मागणी नव्हती. मुद्रणस्वातंत्र्यास तिनें धक्का लावला नाहीं. छापण्याचें स्वातंत्र्य जसें संपादकास आहे तसें न घेण्याचें स्वातंत्र्य वाचकास आहे, एवढेंच तिनें आचरून दाखविलें.

वृत्तपत्र पक्षपात करतें, असें एकादा रसिक म्हणूं लागला म्हणजे त्याची तक्रार खरी कीं प्रेमापोटीं केलेली, हें पारखावयास लिव्हरपूलची ही हकीकत उपयोगी पडते. त्याला हवें आहे तें काय, स्तुति कीं दुरुस्ती? पुरावा पुढें ठेवावयास तो तयार आहे काय? आणि प्रतिपक्षाचा माणूसहि त्याच्या बाजूस उभा राहतो काय? लिव्हरपूलचे लोक या कसोटीस उतरले. ॲनफील्डच्या स्मारकावर आज ९७ नांवें कोरलेलीं आहेत. त्या नांवांच्या धन्यांस खिसेकापूंचे बळी आणि दारुड्यांचे सोबती ठरविणारा मथळा छापावयास एक रात्र पुरली होती. ती दुरुस्ती त्याच पानावर, तशाच अक्षरांत येईपर्यंत त्यांचीं किती आईबापें निघून गेलीं.